वीस हजारांचा टर्बो आणि आप्पांची एस्टीम

मंडळी, नमनाला घडाभर तेल नको. (एस्टीमच्या इंजिनाला साडेतीन लिटर पुरतं, आपल्याला तेवढंही नको.)

गेल्या रविवारी भाचेबुवांचा फोन आला. आप्पांची एस्टीम ताईकडे असते हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. १९९६ ची, कार्ब्युरेटरवाली. ती आता निळा धूर सोडते, महिन्याला लिटरभर ऑइल पिते, तेव्हा इंजिन उतरवायचं ठरलंय. इथवर मी खूश होतो. घराण्यात अजून एकाला पाना हातात धरावासा वाटतोय, म्हटलं, चला! पण पुढचं वाक्य असं आलं: "मामा, उतरवतोच आहे तर टर्बोपण टाकतो. वीस हजारात होतो. व्हिडिओ पाहिलाय."

चहा थंड झाला.

आता हे पोस्ट त्याच्यासाठी आहे, ताईसाठी आहे, आणि "पोरगा काहीतरी करतोय, करू दे की" म्हणणाऱ्या तमाम काका-काकूंसाठीही आहे. माझं म्हणणं सरळ आहे. इंजिन जरूर बांधा, सगळे पैसे त्यात घाला. पण वीस हजारात टर्बो ही थाप आहे. व्हिडिओ करणाऱ्याचा व्हिडिओ तेवढ्यात होतो. इंजिन होत नाही.

आधी टर्बो काय करतो ते बघू. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरतं, मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. अर्धा बार दाब म्हणजे साधारण दीडपट हवा. कागदावर ६५ हॉर्सपॉवरचे ९० च्या पुढे. कोणाला मोह होणार नाही?

पण हवा दाबली की तापते. मे महिन्यातली ३८ अंशांची हवा अर्धा बार दाबली तर आदर्श कॉम्प्रेसरमधूनसुद्धा ती पंचाहत्तरच्या आसपास निघेल, आणि आपण भंगारातून आणलेला झिजका कॉम्प्रेसर तिला शंभरीला नेईल. इतकी गरम हवा पेट्रोलसकट आणखी दाबली की उरलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचायची वाट बघत नाही, आपल्याआपण ठिकठिकाणी पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेर फक्त डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. आत पिस्टनवर हातोडे पडत असतात.

मला हे कसं माहीत? कारण हा दिवा मी २००७ सालीच लावलेला आहे.

गाडी हीच. आप्पांना न विचारता, डिझेल गाडीचा जुना टर्बो भंगार बाजारातून उचलून मी याच इंजिनावर बसवला. डिझेलचा धूर पेट्रोलइतका तापत नाही, त्यामुळे तो टर्बो त्या आचेसाठी बनलेलाच नव्हता, हे नंतर कळलं. खरी गंमत पुढे आहे. कार्ब्युरेटरवर दाब आला ०.४ बार. एस्टीमचा मूळचा पेट्रोल पंप साधा, मेकॅनिकल, जोर फार तर ०.३ बारचा. म्हणजे ज्या क्षणी टर्बो हवा भरायचा त्याच क्षणी पंपाला कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल ढकलता यायचं नाही. हवा दीडपट आणि पेट्रोल आटलेलं! अकरा आठवडे गाडी सुसाट पळाली, मी मित्रांकडून वाहवा घेतली. मग खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन रिंगपाशी वितळला. शेजारी आप्पा होते, पुण्याला त्यांच्या डोळ्यांची तपासणी होती. उन्हात दोन तास ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

असो.

मग उद्यमनगरात इंजिन रीतसर बांधलं. आमच्या कोल्हापुरात या कामाला हात कमी नाहीत. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला तीन गोष्टी शिकवल्या, त्या भाचेबुवांनी लिहून घ्याव्यात. बोअर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजायचा. तो कुठेतरी अंडाकृती झालेला असतोच. पिस्टन आधी विकत आणायचे, मायक्रोमीटरने मोजायचे, आणि त्या मापाला बोअर मारायचा. उलट केलंत तर डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवलात. आणि हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याला गॅरेजच्या बाहेर काढायचं.

आता बघा, स्वस्तातलं इंजिनकाम आणि टर्बो एकमेकांचे वैरी कसे आहेत. जुनं हेड वाकडं असतं म्हणून लेथवाला ते फेस करून देतो. हेड फेस केलं की वरची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं. टर्बोला हवं असतं नेमकं कमी कॉम्प्रेशन! मग व्हिडिओतले महाराज दोन गॅस्केट एकावर एक लावायला सांगतात. म्हणजे आधी पैसे देऊन पृष्ठभाग सपाट करायचा आणि मग त्यावर गळकी गादी घालायची. रिंगचं तोंडही टर्बोला जास्त मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो. हे वीस हजारात कोण मोजून देणार?

भाचेबुवांचा हुकमी एक्का असा: "मामा, सुझुकीने १९८७ मध्ये अल्टो वर्क्सला ५४३ सीसीत टर्बो लावून ६४ हॉर्सपॉवर काढली!" काढली ना. पण इंटरकूलर होता, इंजेक्शन होतं, आणि इंजिन त्यासाठीच बांधलं होतं. २०१७ च्या बलेनो आरएसचंही तेच. कारखान्याने कागदावर केलेलं काम आपण पाइप आणि क्लिपांनी करू शकत नाही, बाळा. उलट फॉर्म्युला मारुती आठव. मारुती ८०० चं इंजिन, टर्बो नाही, आणि नारायण कार्तिकेयनसारखा मुलगा त्यातूनच पुढे गेला.

दुसरा एक्का: "आता पेट्रोलच ९५ ऑक्टेन आहे." अरे, ते वीस टक्के इथेनॉलमुळे. इथेनॉलला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं. तुझ्या कार्ब्युरेटरचे जेट १९९६ च्या पेट्रोलचे आहेत, म्हणजे मिश्रण आधीच सात-आठ टक्के पातळ. वर टर्बो! आणि जुने रबरी पाइप बदलले नाहीस तर टर्बोची गरजच पडणार नाही, गाडी तशीच पेटेल.

कायद्याचं एका ओळीत सांगतो, कारण घरात वकील आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे फेरफार चालत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बॉनेट उघडून बघेल.

ताई, मला खरी भीती दंडाची नाही. त्या गाडीला पुढे छोट्या डिस्क आणि मागे ड्रम आहेत, चाकं तेरा इंची. त्याच गाडीतून धाकटी क्लासला जाते. नव्वद हॉर्सपॉवर थांबवणार कोण?

"मग मी शिकायचं कसं?" हा त्याचा प्रश्न मात्र रास्त आहे, तो मी हसण्यावारी नेणार नाही. जे म्हणतात गाडी भंगारात घाला, त्यांच्याशी माझं टर्बोवाल्यांइतकंच भांडण आहे. म्हणून प्रस्ताव असा. ते वीस हजार बोअर, पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप, नव्या ब्रेक लाइन्स आणि इथेनॉल चालणारे पाइप यांत घाल. कमी पडतील, वरचे मी देईन. टॉर्क पाना आणि बोअर गेज माझ्याकडे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत इंजिन घेऊन ये, जुने कपडे आण. ब्लॉक तू धुवायचा, मापं तू घ्यायची, वहीत तू लिहायची. मी फक्त स्टुलावर बसून चुका काढणार. :-)

आणि येताना तुझ्या टेबलावरचं ते अ‍ॅल्युमिनिअमचं पेन्सिल-पात्र घेऊन ये. काठ तुटलेलं. तू दुसरीत असताना हट्टाने नेलं होतंस माझ्या कपाटातून. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन आहे तो.