शिवीगाळीची किंमत मतदाराच्या माथी

जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या लॉबीत जे घडले त्याला ‘धक्काबुक्की’ म्हणणे म्हणजे त्यावर पांघरूण घालणे आहे. भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे आमदार जितेंद्र आव्हाड यांचे समर्थक एकमेकांच्या अंगावर धावून गेले, कपडे फाटेपर्यंत भिडले. ही मारामारी अचानक उपटलेली नाही. त्याआधी याच दोन आमदारांची प्रवेशद्वारापाशी शिवीगाळीपर्यंत जुंपली होती. नेत्यांची जीभ सैल सुटली, तेव्हाच कार्यकर्त्यांचे हात मोकळे झाले.

यावर उपाय काय निघाला? अधिवेशनकाळात आमदार, त्यांचे स्वीय सहायक आणि अधिकारी वगळता इतरांना प्रवेश नाही, असे विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी जाहीर केले. धिंगाणा घातला आमदारांच्या माणसांनी आणि दार बंद झाले सामान्यांचे! गावच्या पाण्याचा अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणणारा, पाससाठी ताटकळणारा माणूस बाहेरच राहिला. शिवीची पहिली किंमत त्याने मोजली.

दुसरी किंमत याहून जबर आहे. जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, असे सरकारनेच याच अधिवेशनात लेखी उत्तरात सांगितले. त्यांतली २०० प्रकरणे मदतीला अपात्र ठरली. ती का ठरली, हे पारावर, एसटीत, घराघरांत विचारले जायला हवे होते. नागरिकांच्या हक्कांशी थेट संबंध असलेले जनसुरक्षा विधेयकही याच अधिवेशनात मंजूर झाले. चर्चा मात्र रंगली ती आमदार निवासातील डाळीवरून आमदार संजय गायकवाड यांनी कॅन्टीन कर्मचाऱ्याला केलेल्या मारहाणीची आणि लॉबीतल्या फाटक्या कपड्यांची. ७६७ घरांचा आक्रोश या गोंगाटात बुडाला.

या प्रकारामुळे लोक सगळ्याच आमदारांना नावे ठेवत आहेत, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस सभागृहात म्हणाले. ते खरेच आहे. पण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ‘बटेंगे तो कटेंगे’ महाराष्ट्रात कोणी आणले? ‘व्होट जिहाद’ आणि ‘धर्मयुद्ध’ कोणाच्या भाषणांत होते? ‘बटेंगे तो कटेंगे’ला सत्ताधारी महायुतीतल्याच अजित पवार आणि पंकजा मुंडे यांनी विरोध केला होता. त्याच प्रचारात सदाभाऊ खोत शरद पवारांच्या चेहऱ्यावर घसरले, अरविंद सावंत यांची जीभ शायना एन. सी. यांच्याबद्दल घसरली. एकदा शेजाऱ्याचे भय मनात भरले की मतदार रस्त्याचा, दवाखान्याचा, पीकविम्याचा हिशेब मागायचे विसरतो. राजकारण्यांना नेमके हेच हवे असते.

कायदा नाही, अशी सबब कोणी सांगू नये. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितल्याबद्दल रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती १९९५ मध्ये रद्दच ठेवली आणि त्यांच्यासाठी प्रचार करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी काढून घेण्याचा आदेश १९९९ मध्ये निघाला. द्वेषमूलक भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना बजावले. कमी पडते आहे ती अंमलबजावणीची इच्छा. चार शब्दांच्या दिलगिरीने ती उणीव भरून निघणार नाही.

मुंबईत मार्च २०२२ पासून २०२५ संपेपर्यंत नगरसेवक नव्हते, राज्यभरात पालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कुठे निवडणुका दिसू लागल्या. अशा प्रत्येक निवडणुकीत पक्षांनी बेताल बोलणाऱ्यांना उमेदवारी नाकारावी. त्यांनी नाकारली नाही, तर प्रभागातल्या मतदारांनी त्यांना घरी बसवावे.