स्नो स्कूटरची ओळ मी का खोडली



आमच्या मंडळाची जानेवारीतली सहल पुन्हा ठरते आहे. चंदीगडपर्यंत विमान, पुढे बसने मनाली, एकूण सहा दिवस. हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून टूरवाल्याचा कागद परवा माझ्याकडे आला. तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'सोलंग व्हॅली, स्नो स्कूटर राइड समाविष्ट.' मी पेन घेऊन ती ओळ खोडली, तेवढे पैसे वजा केले आणि नवा आकडा ग्रुपवर टाकला.

मग दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागलं. थोरल्या म्हणाल्या, "एवढं पाप-पुण्य बघायचं तर जाताच कशाला? जोगेश्वरीत घर आहे, मंदिर आहे, स्वाध्याय करा." धाकट्या म्हणाल्या, "काकू, गेल्या वर्षी तुम्हीच बसला होतात की! फोटो आहे आमच्याकडे." दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी थोरल्यांना. आपल्या पिढीतल्या किती जणी स्वतःच्या मनाने कुठे गेल्या? माहेर, सासर, लग्नकार्यं, आणि यात्रा म्हटली तर शिखरजी, कुंभोजचे बाहुबली, श्रवणबेळगोळ. यात्रेतसुद्धा डब्यांची पिशवी आपल्याच हातात आणि सगळ्यांचं गाळलेलं पाणी आपल्याच जबाबदारीवर. शिखरजीची चढण, वंदना आणि उतरण मिळून २७ किलोमीटर ज्या पायांनी केले, त्यांनी एकदा बर्फ बघितला तर काय बिघडलं? मैत्रिणींबरोबर जाणं, उशिरा उठणं, कुणी "चहा झाला का?" असं न विचारणं, हीसुद्धा गरज असते. ती मी कमी लेखणार नाही.

आणि धर्म घरी ठेवून जावं लागतं, असंही नाही. आम्ही सात जणी होतो. दशम्या, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी, मेतकूट, मुगाचे लाडू बरोबर होते. पाणी उकळायला विजेची किटली आणि गाळायला कापड होतं. हॉटेलच्या स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी बसून सांगितलं की कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा काही नको. वाटाणा, कोबी, वरण-भात, फुलके पुष्कळ झाले. प्रश्न आला तो सूर्यास्ताचा. जानेवारीत तिथे घड्याळातला सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो, पण सूर्य डोंगराआड बराच आधी जातो. तो मावळला म्हणायचा की नाही, यावर आमच्यात चांगला अर्धा तास वाद झाला. शेवटी एकीने तोडगा काढला, "वाद घालण्यापेक्षा साडेचारलाच जेवून घ्या." सहाही दिवस तसंच केलं.

आता धाकट्यांना. होय, मी बसले होते.

सोलंगच्या रस्त्यावर ओळीने दुकानं आहेत. तिथे भाड्याने जाडे सूट आणि गमबूट मिळतात. आम्ही सगळ्या त्या सुटांत फुगून अशा दिसत होतो की एकमेकींना ओळखण्यापेक्षा हसणंच जास्त झालं. स्नो स्कूटरला पुढे दोन पट्ट्या असतात, त्या बर्फावर घसरतात. मागे दातेरी रबरी पट्टा फिरतो, तो गाडी ढकलतो. चालवणारा मुलगा पुढे, मधे मी, मागे माझी मैत्रीण. एक चढण, एक वळण, एक उतार. सगळं मिळून दहा मिनिटं असेल. खोटं कशाला बोलू, मजा आली. वारा तोंडावर येत होता, मी लहान मुलीसारखी ओरडले.

उतरल्यावर मागे वळून बघितलं. सीएनजी येण्याआधीच्या मुंबईतल्या रिक्षा आठवतात ना? तसाच आवाज आणि तसाच निळसर धूर. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि त्यातलं काही न जळताच बाहेर पडतं. रस्त्यावर ते दिसत नाही, पांढऱ्या बर्फावर दिसतं. आम्ही गेलो ती वाट काळपट, चिखलाळ झाली होती. कुठे कुठे खालची माती उघडी पडली होती आणि दबलेलं पिवळं गवत वर आलं होतं. पंचवीस पावलांवर कुणाची स्कूटर गेली नव्हती, तिथे बर्फ पिठासारखा पांढरा होता.

आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं की पाणी हेच ज्यांचं शरीर, असे जलकायिक जीव असतात. दव, धुकं, गारा, बर्फ ही त्यांचीच रूपं. बावीस अभक्ष्यांच्या यादीत गारा आणि बर्फ आहेत ते त्यामुळेच. घरी फ्रीजमधला बर्फ सरबतात टाकत नाही म्हणणारी मी, तिथे डोंगरभर बर्फ पट्ट्याखाली दळून आले होते.

लगेच कुणी म्हणेल, "मग बर्फावर चालणंही पापच." नाही, आणि इथेच आपल्या आचार्यांचा व्यवहार किती पक्का होता ते कळतं. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे त्यांनी धरूनच चाललं आहे. चूल पेटणार, पाणी लागणार, भाजी चिरली जाणार. म्हणून श्रावकाला विचारलं जातं ते एवढंच, की हे प्रयोजनाने केलंस की उगाच? उगाच केलेल्याला नाव दिलं अनर्थदंड. समंतभद्र आचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक प्रमादचर्या. कारण नसताना माती उकरणं, पाणी, अग्नी, वारा यांची उलथापालथ करणं, झाडं तोडणं, निष्कारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकवणं, हे सगळं त्यात येतं. स्वाध्यायात मी हे कितीदा ऐकलं असेल! पण सोलंगला त्या उताराखाली उभी राहिले तेव्हा वाटलं, हे आजच्या दिवसासाठीच लिहिलंय. माती उकरली, पाणी मळवलं, इंधन जाळलं, हवा बिघडवली, गवत चिरडलं, स्वतः भटकले आणि त्या मुलालाही भटकवलं. दहा मिनिटांत यादी जवळजवळ पूर्ण.

ही गाडी मुळातच वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. तिची कथा वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बोंबार्डिये नावाचा मेकॅनिक होता. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद होते, दवाखान्यात नेता आलं नाही, मूल गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो आधीपासून करत होता, त्यानंतर तो त्यामागे लागलाच. १९३७ साली त्याला त्याच्या पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि त्याच्या मोठ्या गाड्यांतून पुढे डॉक्टर, रुग्ण, टपाल, शाळेची मुलं जाऊ लागली. १९५९ साली त्याच कारखान्यातून लहान, एकदोघांची स्नोमोबाइल निघाली आणि बघता बघता ती करमणुकीची गाडी झाली. गाडी बर्फावरचीच, पण रुग्णाला घेऊन निघते तेव्हा अर्थ, आणि मला ओरडायला मिळावं म्हणून निघते तेव्हा अनर्थ. याहून सोपं उदाहरण मला सापडणार नाही.

नुकसानाची ही गोष्ट फक्त आपल्या पोथीत आहे, असंही नाही. २०१४ साली राष्ट्रीय हरित लवादाने रोहतांगच्या बर्फावर बसणाऱ्या काजळीची दखल घेतली आणि तिथल्या वाहनांवर बंधनं आली. काळं कापड उन्हात लवकर तापतं हे आपल्याला वाळवणं घालताना कळतं. काजळी बसलेला बर्फही तसाच लवकर वितळतो. २०१५ मध्ये लवादाने रोहतांग-सोलंग भागातल्या स्नो स्कूटरसारख्या व्यवसायांना मनाई केली, पुढे अटींसह परवानगी मिळाली. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातही रोज किती स्नोमोबाइल सोडायच्या आणि इंजिन किती स्वच्छ हवं, याचे नियम करावे लागले.

आणखी एक गोष्ट मला परत आल्यावर कळली आणि लाज वाटली. मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत मकर संक्रांतीपासून ४२ दिवस शांतता पाळतात. गौतम ऋषी, व्यास ऋषी आणि कांचन नाग ही त्यांची दैवतं त्या काळात तपाला गेलेली असतात, अशी श्रद्धा आहे. टीव्ही नाही, गाणीबजावणी नाही, शेतात माती उकरणं नाही. आपण तिळगूळ वाटून बॅगा भरतो, त्याच दिवसांत. आपल्याकडे मौनाचं एवढं महत्त्व, आणि मौनात बसलेल्या खोऱ्यात आम्ही आरडाओरडा करायला पैसे मोजले.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. पहिला, "विमानाने गेलात त्याचं काय?" बरोबर आहे. विमानाचा खर्च माझ्या खात्यावर मोठा आहे आणि स्कूटर न घेतल्याने तो पुसला जात नाही. पण घरभाडं मोठं आहे म्हणून दुधाच्या बिलाकडे बघायचंच नाही, असं कुठली गृहिणी करते? जे आवरता येतं ते आधी आवरायचं.

दुसरा, "त्या मुलाचं पोट?" हा आक्षेप मला जड जातो. त्याने सांगितलं होतं की हे दोन-तीन महिनेच कमाईचे. म्हणून स्कूटरचे पैसे घरी परत आणायचे नाहीत, असं मी ठरवलं आहे. तेवढ्यात गावातला एखादा वाटाड्या घेऊन देवदाराखालून चालत जायचं आणि तिथल्या बायका विकतात ते हातविणीचे मोजे घ्यायचे.

तिसरा आक्षेप माझ्या मागे बसलेल्या मैत्रिणीचा. तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या उतारावर ती एवढ्या मोठ्याने हसली की पुढचा मुलगाही वळून बघायला लागला. ती परवा मला म्हणाली, "तुझं अनर्थदंड वगैरे ठीक आहे. पण आयुष्यभर मला हे नको, ते नको असंच सांगितलं गेलं. आता तूही सांगणार?"

यावर मी दोन रात्री विचार केला. तिच्या त्या हसण्याला मी अनर्थ म्हणणार नाही, तेवढा अधिकार मला नाही. आणि तिचं दुसरं म्हणणंही खरं आहे. घरात व्रतं आली की ती बाईच्या वाट्याला येतात. पुरुष रात्री हॉटेलात जेवून येतात आणि आपण चौविहाराचा हिशेब ठेवतो. दुसऱ्याने लादलेला नियम म्हणजे व्रत नव्हे. व्रत स्वतः, समजून घ्यायचं असतं.

म्हणूनच तर मी ती ओळ खोडली. 'समाविष्ट' लिहिलं की विचार करायची गरजच उरत नाही. पैसे भरलेलेच आहेत, मग बसा. मी गेल्या वर्षी तशीच बसले होते. कुणी बळजबरी केली नव्हती आणि मी ठरवलंही नव्हतं. आता ज्या बाईला बसायचं आहे, तिने तिथे स्वतःच्या पाकिटातून पैसे काढून, ठरवून बसावं. माझी मैत्रीण बसणार असेल तर तिची पर्स मी सांभाळीन आणि तोंड वाकडं करणार नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. दिग्व्रतात समुद्र, नदी, अरण्य, डोंगर अशा खुणा धरून मर्यादा घालायची असते आणि थोड्या काळापुरती, लहान क्षेत्राची मर्यादा घालायची सोय देशावकाशिकात आहे. सहलीसाठी हे किती छान जमतं! सोलंगच्या दिवसासाठी माझी मर्यादा अशी: पायी जाता येईल तेवढंच, वाटाड्या दाखवील त्या तुडवलेल्या वाटेनेच, आणि सूर्य शिखरावर आहे तोवर परत. त्यापलीकडचा सगळा डोंगर माझ्याकडून सुखरूप.

सहलीच्या फॉर्मवर नाव, वय, औषधं या रकान्यांखाली मी एक नवा रकाना टाकला आहे, 'माझी मर्यादा'. तो रिकामा ठेवला तरी चालेल. भरायचाच असेल तर मात्र स्वतः भरा, सासूला किंवा मला विचारून नको.

पैसे या महिन्याअखेरपर्यंत द्यावेत. आणि किटली एकच पुरत नाही, हे गेल्या वर्षी कळलं. कुणाकडे दुसरी असेल तर सांगा.

जय जिनेंद्र.