सोमवारची छाती
कापसाची धूळ हुंगवलेल्या गिनिपिगांचा श्वास उथळ आणि जलद होतो, हे प्रयोगशाळांत केव्हाच दिसले आहे. दोष निव्वळ तंतूंचा नाही. कापसातल्या पानकचऱ्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हा त्यातला मुख्य संशयित. सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात तीच धूळ माणूस ओढतो. भुवयांवर कापूस साचतो आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी छाती आवळते. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतनिर्मितीसाठी घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅम धुळीची मर्यादा घातली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीतही बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा हाच छातीचा आजार, आला. पण अनुसूचीतल्या नावाने कुणाची धाप थांबत नाही. फुंकून श्वास मोजायचे साधन हातात मावते. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांपासून सूतगिरण्यांपर्यंत पाळीआधी आणि पाळीनंतर ही मोजणी सक्तीची करा. सुरुवात सोमवारच्या पहिल्या पाळीपासून व्हावी.