जहाज वर काढले, पुढे काय?

बुडालेले जहाज वर येते तेव्हा किनाऱ्यावर टाळ्या वाजतात. स्वीडनच्या राजाची ६४ तोफांची ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमहून पहिल्याच सफरीला निघाली, सव्वा किलोमीटर जेमतेम गेली आणि वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाली. २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, ती पाण्याबाहेर आली ती जवळजवळ अखंड. असे काही वाचले की आपल्यालाही वाटते, आपल्या खाड्यांत, जुन्या बंदरांच्या गाळात काय काय दडले असेल! काढायला हवे. माझे मत थोडे चिक्कूपणाचे वाटेल. पुढच्या पन्नास वर्षांच्या खर्चाची तरतूद कागदावर दिसल्याशिवाय असे लाकूड गाळातून काढूच नये.

हयात बँकेत गेल्याचा हा परिणाम म्हणा. कोकणातल्या शाखेत असताना होडीसाठी कर्ज मागायला आलेल्या नाखवाला मी किमतीच्या आधी विचारी, दरसाल डागडुजीला पैसे कुठून आणणार? तो हसे. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेली होडी झापांनी शाकारली नाही तर काय होते, हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक असे.

मग तीन शतके पाण्यात लाकूड टिकते कसे? आपल्या उबदार, खाऱ्या समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात तो जगत नाही, शिवाय स्टॉकहोम बंदराच्या तळाशी प्राणवायू फारसा नव्हता. पण ‘टिकले’ हा शब्दही फसवाच. सूक्ष्म जंतू लाकडातला सेल्युलोज हळूहळू खातात आणि रिकाम्या जागेत पाणी भरते. बाहेरून वासा भक्कम दिसतो, आत आकार धरून ठेवलेला असतो तो पाण्याने. तो तसाच सुकू दिला, तर पाणी जाताजाता पेशींच्या नाजूक भिंती आत ओढून घेते. लाकूड आक्रसते, पिळवटते, तडकते आणि पुन्हा भिजवून पूर्वीसारखे होत नाही.

यावरचा उपाय आमच्या घरातल्या बायकांना कळायला सोपा आहे. मोरावळ्यासाठी आवळे एकदम घट्ट पाकात टाकले तर सुरकुततात. आधी पातळ पाक, मग हळूहळू घट्ट. पाणी बाहेर येते, पाक आत जातो, आवळा टपोरा राहतो. ‘वासा’ला पाकाऐवजी पॉलिएथिलीन ग्लायकॉल दिले. हा मेणासारखा, पाण्यात विरघळणारा पदार्थ औषधांत आणि मलमांतही वापरतात. त्याचे पाणी जहाजावर फवारायला १९६२ मध्ये सुरुवात झाली आणि १९७९ मध्ये फवारे थांबले. सतरा वर्षे! त्यापुढे नऊ वर्षे सावकाश सुकवणे. आजचे संग्रहालय उघडले १९९० मध्ये.

इतके करून सुटका झाली का? २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यात ओलेचिंब प्रेक्षक आत आले, हवा दमट झाली आणि लाकडावर पांढरे-पिवळे डाग उमटू लागले. बंदराच्या घाण पाण्यातले गंधक शतकानुशतके लाकडात मुरले होते. गंजलेल्या लोखंडाच्या संगतीने आणि हवेतल्या प्राणवायूने त्याचे चक्क गंधकाम्ल होत होते. हवेची यंत्रणा सुधारावी लागली. जहाज वर काढल्यावर घातलेले पाच हजारांहून जास्त बोल्ट बदलायला २०११ ते २०१८ एवढा काळ गेला. श्रीमंत, शिस्तीचा देश म्हणून हे निभावले.

नॉर्वेतली गोष्ट याहून वाईट. १९०४ मध्ये ओसेबर्ग येथे व्हायकिंगांचे दफन-जहाज खणून काढले. त्यातल्या कित्येक लाकडी वस्तू तुरटीच्या कढत पाण्यात मुरवल्या. त्या काळचा तो उत्तम इलाज होता. शंभर वर्षांनी कळले, की त्या तुरटीनेच लाकडात आम्ल तयार होऊन ते आतून भुसभुशीत झाले आहे. ज्यांनी केले त्यांना दोष कसा देणार? आपल्या आजच्या इलाजाबद्दल आपली नातवंडे काय म्हणतील, कोण जाणे.

हे फक्त थंड देशांचे दुखणे नाही. केरळात पट्टणम् येथे २००७ मध्ये उत्खननात सुमारे सहा मीटर लांबीची होडी सापडली, फणसाच्या जातीतल्या लाकडाची. आपल्या किनाऱ्यावरही उद्या खाडी उपसताना फळ्या दिसू शकतात. तेव्हा मोजमापे घ्या, छायाचित्रे काढा, नमुना तपासा, तोवर लाकूड ओले ठेवा आणि पुन्हा गाळाखाली नीट झाका. युनेस्कोचा २००१ चा करारही जागच्या जागी जतन करण्याचाच विचार आधी करायला सांगतो.

कुणाला बाहेर काढायचेच असेल, तर त्या अर्जावर माझे दोनच प्रश्न असतील. विसाव्या वर्षीचे वातानुकूलनाचे वीजबिल कोण भरणार? आणि दमटपणाचा आकडा रोज वहीत लिहिणारा माणूस निवृत्त झाला, की त्याच्या जागी नवी नेमणूक कोण करणार?