अंगण आणि दफ्तर

भातकापणी निम्मीअधिक उरकलेली असताना, रोह्याला खेटून असलेल्या आमच्या वरशात एका संध्याकाळी क्रीडाशिक्षक फक्कीने एक विलक्षण रेषा आखताना आम्हांस दिसले. गोलाच्या दोन्ही खांबांना पाळीपाळीने सहा मीटरांची सुतळी बांधून त्यांनी दोन पाववर्तुळे काढली व तीन मीटरांच्या सरळ रेषेने ती सांधली. कबड्डीत वाढलेल्या एका पोराने विचारले, "सर, ह्या रेघेला पाय लागला की गडी बाद का?"

खेळ हँडबॉलचा होता. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकात अकरा-अकरा गड्यांचा हा खेळ प्रथम दाखल झाला, आणि त्याच महोत्सवात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपल्या हुतुतूचे प्रात्यक्षिक घडविले, हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. कारण हुतुतू आधी अंगणात रुजला, महाराष्ट्रात त्याच्या नियमांचा खल पुष्कळ वर्षे चालला, आणि अखिल भारतीय महासंघाचे दफ्तर थेट १९५० साली उघडले. हँडबॉलचा क्रम नेमका उलटा. म्युनिकला सात गड्यांचा बंदिस्त खेळ ऑलिंपिकात आला त्या १९७२ सालीच जगतसिंग चौहान यांच्या खटपटीने भारतीय हँडबॉल महासंघ स्थापन झाला, रोहतकला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, हरियाणा विजयी व विदर्भ उपविजयी ठरला. खेडोपाडी खेळ पोचण्यापूर्वीच त्याची मोहोर व सनद सिद्ध होती. (विदर्भाचा हा मान आम्हां कोकण्यांच्या कानी इतक्या उशिरा यावा, ही शरमेचीच गोष्ट.)

अंगणाआधी दफ्तर आले की खुर्चीला नको तितके महत्त्व येते. अलीकडे महासंघाच्या कारभाराची मालकी कोणाची, हा तंटा न्यायालयाच्या पायऱ्या चढला. आणि त्याच सुमारास, २०२२ च्या मार्चमध्ये, अल्माटीला भारताच्या कनिष्ठ मुलींनी आशियाई अजिंक्यपद जिंकले, ज्याची वार्ता दफ्तरी कलहापेक्षा कितीतरी कमी कानांवर गेली. पुढल्याच वर्षी पहिल्या प्रीमियर हँडबॉल लीगचा चषक 'महाराष्ट्र आयर्नमेन' या संघाने पटकावला, तोही आमच्या चावडीवर कोणाच्या तोंडी नव्हता.

सरांनी त्या पोराला समजावले, की रेषेआड गोलरक्षकाखेरीज कोणी पाय टेकायचा नाही, मात्र बाहेरून उडी घेऊन, खाली येण्याआधी, हवेतच चेंडू सोडला तर चालतो. पोरगा क्षणभर थबकला, चढाईला निघावा तसा पुढे झुकला आणि झेपावला. चेंडू खांबावरून सरळ कापलेल्या शेताच्या धसकटांत गेला, तो आणायला चौघे जण धावले.