आधी एक्स-रे नीट काढा

पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे परिसरात गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. साच्यातून काढलेली प्लास्टरची मूर्ती घासताना बारीक धूळ उडते आणि कारागिरांच्या नाकातोंडात जाते. अशा कामगाराचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर थुंकीच्या तपासणीबरोबर छातीचा एक्स-रेही काढायला हवा. तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट मात्र प्रत्येक गावाजवळ नसतो.

ही उणीव भरून काढायला आता संगणक आला आहे. 15 वर्षे आणि त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाचपणीत एक्स-रे वाचण्याचे काम माणसाऐवजी संगणकाला देण्यास जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली. मुंबईच्या क्युअर.एआय कंपनीची ‘क्यूएक्सआर’ ही अशीच एक प्रणाली. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रेही वापरली गेली. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. ही साधने हवीच होती.

पण संगणकाला रुग्ण दिसत नाही, फक्त प्रतिमा दिसते.

रुग्णाने श्वास पुरता भरून घेतला नाही, तर फुप्फुसांचा खालचा भाग दाटलेला दिसतो आणि न्यूमोनियाचा भास होतो. अंग किंचित वळले, तर एक बाजू दुसरीपेक्षा काळी येते. किरण पाठीऐवजी छातीकडून सोडले, तर हृदय आहे त्याहून मोठे दिसते. जाड वेणीची सावलीही डागासारखी उमटते. फिल्म खिडकीशी धरून मोबाइलने टिपली, की करड्या रंगाच्या हजारो छटांतल्या जेमतेम 256 उरतात. वर काचेची चमक येते ती वेगळीच.

अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखायला शिकवलेली प्रणाली एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला, हेही ओळखू लागल्याचे आढळले. तंत्रज्ञाने ठेवलेल्या धातूच्या खुणाही तिने हेरल्या होत्या. अनोळखी रुग्णालयाच्या प्रतिमांवर तिची कामगिरी बहुतेक वेळा घसरली.

म्हणून आरोग्य विभागाने सॉफ्टवेअर घेताना एक अट घालावी: प्रतिमा सदोष असेल तर प्रणालीने निदान न देता ‘पुन्हा काढा’ असे सांगावे. कोणत्या केंद्रावर किती एक्स-रे पुन्हा काढावे लागले, याची नोंद ठेवावी आणि एक्स-रे तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा. रुग्णांनीही गळ्यातले काढून ठेवावे, सांगितल्यावर श्वास भरून रोखावा आणि मोबाइलवरच्या फोटोऐवजी मूळ डिजिटल प्रत मागून घ्यावी.