बॅरन बेटाची नाडी

सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानातील बॅरन बेट पुन्हा धुमसले. नौदलाने टिपलेली चित्रफीत आपण पाहिली, एकमेकांना पाठवली आणि चार दिवसांत विसरूनही गेलो. भारतातील या एकमेव जागृत ज्वालामुखीशी आपले नाते एवढेच आहे: धूर दिसला की बातमी, विरला की विस्मरण. जानेवारी २०१७ मध्येही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक समुद्रतळाचे नमुने घेण्यासाठी त्या परिसरात गेले होते, म्हणूनच तो उद्रेक त्यांच्या नजरेस पडला. भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला याची खंत वाटते, कारण शिकण्याजोगे पुष्कळसे धूर दिसण्याआधीच घडून गेलेले असते.

ज्वालामुखीय खडकात मॅग्नेटाईटसारखी चुंबकीय खनिजे असतात. शुद्ध मॅग्नेटाईट सुमारे ५८० अंश सेल्सिअसला आपले चुंबकत्व गमावते. त्यात टायटॅनियम मिसळलेले असेल तर त्याहून कमी तापमानाला. खालून उष्णता चढू लागली की खडकाचे चुंबकत्व ओसरते आणि पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्र किंचित बदलते. विजेचेही तसेच. थंड, कोरडा खडक वीज अडवतो. तापलेले क्षारयुक्त पाणी आणि वितळलेला शिलारस ती सहज वाहू देतात. त्यामुळे खडकाचा विद्युतरोध मोजला, तर डोंगराच्या पोटात काय हलते आहे याचा अंदाज येतो.

हे केवळ पुस्तकी नाही. जपानच्या इझू-ओशिमा बेटावर नोव्हेंबर १९८६ मध्ये मोठा उद्रेक झाला आणि सुमारे दहा हजार रहिवाशांना बेट सोडावे लागले. त्या उद्रेकाआधी विवराजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलत गेल्याचे आणि विवराखालील विद्युतरोध घटल्याचे नोंदींत आढळते. यावरून उद्रेकाची तारीख सांगता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. मात्र वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी नसत्या, तर हा बदल ओळखताच आला नसता.

अडचण अशी की, हे बदल बहुधा काही नॅनोटेस्लांचे असतात, तर अंदमानात पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लांहून अधिक आहे आणि ते सूर्याच्या प्रभावाने रोजच वरखाली होते. त्यावर उपाय जुनाच आहे: एक मापक ज्वालामुखीवर, दुसरा दूर ठेवायचा आणि दोन्ही नोंदींची वजाबाकी करायची. दूरचा मापक आपल्याकडे आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आजच्या श्री विजयपुरमला आहे. ती बॅरनपासून सुमारे १४० किलोमीटरवर असल्याने तिला एकटीला ज्वालामुखीची चाहूल लागणे शक्य नाही. उगमापासून अंतर दुप्पट झाले की परिणाम आठव्या हिश्श्यावर येतो. वजाबाकीतील दुसरी संख्या बेटावरूनच यायला हवी आणि तीही अखंड.

निर्मनुष्य बेटासाठी हा खर्च कशाला, असे कोणी विचारेल. राखेचा ढग विमानमार्गांपर्यंत जाऊ शकतो, हे एक उत्तर. दुसरे अधिक महत्त्वाचे: सुमारे दीड शतक शांत राहून १९९१ मध्ये जागा झालेला हा ज्वालामुखी तेव्हापासून पुन्हा पुन्हा उसळतो आहे. नोंद न झालेला प्रत्येक उद्रेक म्हणजे कायमची हुकलेली संधी.

बेटावर खारा वारा आहे, सौरपट्ट्यांवर राख साचेल, अभयारण्याचे नियम पाळावे लागतील, उपकरणे वारंवार बदलावी लागतील. हे सारे खरे. पण मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामगाड्यांचा अडथळा नको म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले आणि तेथील नोंदी शतकाहून अधिक काळ चालू राहिल्या. ज्यांच्यामागे इतक्या धीराची परंपरा आहे, त्यांना बॅरन जड जाऊ नये. पुढच्या उद्रेकाची चित्रफीत आपण पुन्हा पाहूच. तिच्यासोबत आधीच्या काही वर्षांचा आलेखही पाहायला मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.